साकवाची फळी

लाकडाचा व्यापारी पुढारी झाला, तरी त्याची कोणती सवय सुटत नाही, सांगाल?

दाजीसाहेब सुर्वे वखार चालवता चालवता जिल्हा परिषदेचे अध्यक्ष झाले. करंबवलीच्या ओढ्यावर लाकडी साकव बांधला, तोही त्यांच्याच वखारीतल्या लाकडाचा. कागदावर सागवान होतं, पण दोन महिन्यांत फळ्या पायाखाली दबू लागल्या. अंगणवाडीची पोरं रोज त्यावरूनच येत. जीव मुठीत धरून वाट बघणाऱ्या अंगणवाडीसेविका शेवंताबाईंनी तीनदा अर्ज केला. तिन्ही वेळा दाजीसाहेबांचा एकच निरोप आला, "बाई, लाकडातलं आम्हाला शिकवू नका."

मग गावात दाजीसाहेबांचा सत्कार झाला. शेवंताबाई हातभर फळी घेऊन थेट मंचावर गेल्या.

"साहेब, हे सागवान म्हणून आमच्या गळ्यात मारलंय. तुमच्याइतकी पारख जिल्ह्यात कुणाला आहे?"

दाजीसाहेब फुलले. त्यांनी सवयीने फळीवर टकटक केली, नखाने टोकरून पाहिलं आणि माइकसमोरच हसले.

"अहो, ही तर सावर! काडेपेटीचं लाकूड! सागवान म्हणून विकणारा चोर आहे चोर. नाव सांगा, उद्या सकाळी बदलून द्यायला लावतो!"

"नाव मी काय सांगू, साहेब? तुमच्या साकवाची निखळलेली फळी आहे ही."

मागून एका आजोबांनी विचारलं, "उद्या सकाळी म्हणालात ना, दाजीसाहेब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी सागाच्या फळ्यांचा ट्रक आला, आणि शेवंताबाईंनी एकेक फळी वाजवून उतरवून घेतली.