आधी पाणी

"बिस्मिल्ला म्हणून मारलं तर चालेल का, बाबा?"

नूरशा फकीर दर्ग्याच्या ओट्यावर लसूण सोलत बसले होते. कुणाला मारायचं, हे त्यांनी विचारलं नाही. गावाला माहीत होतं. जुबेर माझ्या भावाचा दोस्त. त्यानं भावाला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि नको त्या वेगानं पुलाच्या कठड्यावर घातली. याकूबभाई गेला. जुबेर राहिला.

माझ्या कमरेला भाईचीच सुरी होती. आम्ही खाटीक. ती कशी धरायची, हे मला त्यानंच शिकवलं.

"चालेल," बाबा म्हणाले.

ते नको म्हणतील, मग मी भांडेन, असं ठरवून आलो होतो.

"पण नाव अल्लाचं घेणार, तर रीतही त्याचीच. अर्धी नाही. बकऱ्याला कापायच्या आधी काय करतोस?"

"पाणी पाजतो."

"आणि सुरी?"

"दाखवत नाही. पाठीमागं धरतो."

"का?"

"वरचा हुकूम आहे. जनावर भ्यायला नको."

"मग जुबेर काय बकऱ्याहून कमी?"

मी म्हणालो, बकरा बरा. बाबा इतके हसले की मांडीवरची लसणाची सालं उडाली. मग त्यांनी तांब्या काठोकाठ भरून माझ्या हातात दिला.

"जा. सांडू नकोस."

पळत निघणार होतो. तांब्यामुळं हळू चालावं लागलं.

जुबेर घराच्या पायरीवर बसला होता. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, ओठ फुटलेले. मला बघून पळाला नाही. डोळे मिटले आणि मान वर केली...

सुरी मी पाठीमागं धरली होती. मी तांब्या पुढं केला. त्याला तो धरता येईना. मलाच ओठाला लावावा लागला. मान हलत होती, तिला मागून आधार हवा होता. मी सुरी पायरीवर ठेवली आणि त्याचं डोकं धरलं.

"बिस्मिल्ला," तो पुटपुटला आणि घटाघटा प्यायला. निम्मं पाणी नाकात गेलं. ठसका लागला.

"भावासारखंच पाजतोस," तो म्हणाला. "तोही नाकातच ओतायचा."

खरं होतं ते. लहानपणी मला ताप आला की भाई औषध पाजायचा, निम्मं नाकात घालायचा आणि वर मलाच दटावायचा, की नाक मध्ये कशाला आणतोस. हे मी जुबेरला सांगितलं. तो हसला. हसता हसता रडायला लागला. प्लास्टरच्या हातांनी त्याला नाक पुसता येईना, तेही मीच पुसलं. मग मलाही हसू फुटलं. भाई गेल्यापासून पहिलंच.

मग भाईच्या एकेक गोष्टी निघाल्या. तो गाडीवर मागं बसून एवढं बेसूर गायचा, की कुत्रीसुद्धा पाठलाग सोडून द्यायची. तांब्या रिकामा झाला. जुबेरच्या आईनं तो पुन्हा भरून दिला.

दर्ग्यावर आलो तेव्हा लसूण संपला होता. बाबांपुढं आता कांद्यांची टोपली होती.

"पाजलंस?"

"पाजलं."

"आणि सुरी?"

मी कमरेला हात लावला...

"पायरीवरच राहिली, बाबा."

बाबांनी टोपली माझ्याकडं सरकवली.

"जा, सुरी घेऊन ये. येताना त्यालाही आण, बसेल बोलत. कांदे बरेच आहेत."