सारजेच्या दाराशी अडलेला गाडा

पिठाची गिरणी कुणी डोळ्यांनी पाहिली नव्हती आणि घरोघरी जातं फिरायचं, त्या काळातली ही हकीकत आहे. फार वर्षांपूर्वी तांबडखडी गावात धुरपदा नावाची एक बाई राहायची. ती जात्याला टाकी लावायची. म्हणजे दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत झाला, की छिन्नी-हातोडी घेऊन ती त्यावर पुन्हा खाचा पाडून द्यायची. तिची हाक गल्लीत आली की बायका आधी जातं पुढं करायच्या आणि मग आपली गाऱ्हाणी. नुसत्या घरघरीवरून ती त्या घरात आज काय शिजणार ते सांगायची, असं म्हणतात. आता तुम्ही म्हणाल, म्हातारी थापा मारत असेल. मारतही असेल. पण ती हसत हसत सांगायची आणि खरं निघायचं, त्याला काय करणार?

गाव दोन जागी वसलेलं. वर काळ्या जमिनीवाल्यांची आळी आणि खाली ओढ्याकाठी वाडी. वाडीत कुणाला वीतभरही शेत नव्हतं. धुरपदेची एकुलती एक लेक सारजा त्याच वाडीत दिलेली.

एका साली पाऊस आलाच नाही. वाडीतली जाती गप्प झाली. सारजा तेव्हा पहिलटकरीण होती. उंबराची हिरवी फळं उकडून तिच्या घरची माणसं दिवस काढत होती, आणि ती फळंही आधी सासऱ्याच्या, मग नवऱ्याच्या ताटात पडायची. पुरुषांची जेवणं झाल्यावर उरेल ते बाईनं खायचं, अशीच रीत होती. त्या वर्षी उरायचं काय, तर पाणी. गेनू जन्मला तो एवढासा, सुपाच्या कोपऱ्यात मावेल इतका. धुरपदेनं त्याला हातात घेतलं तेव्हा हाताला भारच लागेना.

पुढं पाऊस झाला, दाणे आले. गेनू चालू लागला, बोलू लागला, आजीच्या पाठुंगळी बसून गावभर हिंडू लागला. पण आळीत कुणी शिंकावं आणि खोकला गेनूला व्हावा, असं चाललेलं. इतर पोरांची हगवण आली तशी जायची, याची मुक्कामाला राहायची. प्रत्येक दुखण्यातून पोर उठायचं, पण थोडं थोडं कमीच होऊन उठायचं.

"आता तर पोटभर खातोय की गं," सारजा म्हणायची. "मग अंगी का लागंना?"

धुरपदेला नुसती भीती वाटायची आणि ती भीती ती कुणाला सांगायची नाही.

मग गोवर आला. आळीतही आला आणि वाडीतही. आळीतली पोरं अंगभर पुरळ घेऊन तापानं फणफणली, कण्हली आणि उठून पुन्हा विटीदांडू खेळायला लागली. वाडीतली पोरं मात्र उठेनात. एकाच मरीआईचा एकच गोवर, तिकडं खेळून जातो आणि इकडं पोर घेऊन जातो, हे कसं? लोक म्हणाले, मरीआई वाडीवर रुसलीय. वाडीतल्यांनीही ते खरं मानलं. लेकरू गेल्यावर माणूस काहीही खरं मानतं हो.

धुरपदा कामाला दारोदार फिरत होतीच. आळीतल्या जात्यांच्या खाचा झिजून गेलेल्या. वाडीत मात्र तिनं दुष्काळाच्या साली पाडलेल्या खाचा कित्येक घरी अजून नव्यासारख्या धारदार. बोट फिरवलं तर कापेल, इतकं कमी दळण तिथं तेव्हापासून झालेलं. आणि गेलेली पोरं? तिनं एकेकाची आई आठवली. सगळी त्या जाती गप्प झालेल्या सालाची. आईच्या पोटातच उपाशी राहिलेली.

गेनूही त्याच सालाचा.

तेव्हापासून तिला अन्न गोड लागेना. मजुरीला पैशांऐवजी ती दूध मागू लागली, कुणाकडून तूप मागू लागली, आणि उठता-बसता गेनूला भरवू लागली. "आज्जे, पुरं की," तो म्हणायचा. "आणिक एक घास, माझ्या राजा," ती म्हणायची. भिंतीला भगदाड पडल्यावर दारात पहारा ठेवावा तशी तिची गत झाली होती. दिवसातून दहादा ती त्याच्या कानामागं हात लावून बघायची. एका सकाळी कान गरम लागला.

गेनू तापाशी फार भांडला, असं म्हणतात. पण त्या एवढ्याशा जिवात भांडायला होतं काय? तो गेला तेव्हा त्याचं डोकं आजीच्या मांडीवर होतं आणि तोंडात तिनं घातलेली पेज तशीच होती.

त्याच दिवशी मरीआईचा गाडा निघाला. साथ आली की गावानं लाकडी गाडा सजवायचा, प्रत्येक घरानं आपल्या जात्याचं पीठ त्यात वाहायचं, आणि गाडा वाडीतून ओढत नेऊन शिवेबाहेर सोडायचा, अशी चाल होती. पुढं त्या पिठाला मुंग्या लागायच्या. आणि गंमत बघा, सगळ्यांत जास्त पीठ वाडीतून पडायचं, कारण सगळ्यांत जास्त भ्यालेली माणसं तिथंच होती. सारजेनं गेनूसाठी मडक्यातलं होतं नव्हतं पीठ आधीच गाड्याला देऊन टाकलं होतं. वर उपास धरला होता. आणि सारजा पुन्हा पोटुशी होती.

हे धुरपदेच्या ध्यानात आलं, आणि रडता रडता ती थांबली.

गाडा सारजेच्या दारासमोर आला आणि अडला. गडी लागले, खांदे लागले, पोतराजानं स्वतःच्या अंगावर कोरडे ओढले. चाक तसूभर हलेना. म्हातारीनं आपली छिन्नी चाकाखाली सारली होती असं काही जण सांगतात. सांगू देत बापडे. गाडा अडला हे काही खोटं नाही.

"म्हातारे, बाजूला हो," पोतराज ओरडला. "आईची वाट अडवू नगंस."

"म्या न्हाई अडवली. आईच बसलीय. तिला भूक लागलीय."

"मग गाड्यात शिगोशीग पीठ हाय की!"

"आई गाड्यात न्हाई," धुरपदा म्हणाली. तिनं दारातल्या सारजेकडं बोट केलं. "ती बघ. तिच्या पोटात बसलीय. तिथं वाहा."

कुणी पुढं येईना, कुणी नाही म्हणेना. खरंच आई असली तर? त्या भीतीनं माणसं जागच्या जागी खिळली. धुरपदेनं गाड्यातलं पीठ परातीत घेतलं, रस्त्यातच तीन दगड मांडून चूल पेटवली आणि सुतकाच्या घरासमोर भाकरी थापली.

सारजेनं तोंड फिरवलं. "माझा गेनू आत्ता गेला, आये. मी घास गिळू कशी?"

"गेनूला द्यायचा घास तवाच द्यायचा हुता गं, तो तुझ्या पोटात हुता तवा. तवा माझ्याकडं नव्हता. मागनं किती भरवला, पुरला न्हाई." म्हातारीनं भाकरीचा तुकडा मोडून तिच्या तोंडाशी धरला. "ह्याला उशीर नगं करूस. खा."

साऱ्या गावाच्या देखत, सासऱ्याच्या आधी, नवऱ्याच्या आधी, सारजा जेवली. ती रडत होती आणि खात होती. शेवटचा घास पोटात गेला आणि चाक आपोआप फिरलं, असं म्हणतात. गाडा मात्र शिवेकडं गेला नाही. तो वाडीत वळला, जिथं जिथं पोटुशी आणि लेकुरवाळी होती तिथं थांबत थांबत रिकामा झाला.

सारजेला मुलगी झाली. पुढं कधीतरी तिलाही गोवर आला. धुरपदा तेव्हा फार थकली होती, पण ताप उतरेपर्यंत तिनं नातीच्या कानामागचा हात काढला नाही. तो उतरला, मगच तिनं डोळे मिटले.

आता तांबडखडीत जाती नाहीत आणि गोवराची लसही टोचतात. तरी कुणा घरी दिवस गेल्याचं कळलं, की आळीतून-वाडीतून ओंजळ ओंजळ पीठ तिथं येतं. त्याला 'धुरपदेचं' म्हणतात. त्याची पहिली भाकरी त्या पोटुशीनं खायची. घरातले पुरुष, मग कितीही मोठे असोत, तोवर हात धुऊन नुसते बसून राहतात. वाटेत ती कुणाला भेटली तर 'कशी आहेस' असं त्या गावात विचारत नाहीत. "जेवलीस का?" विचारतात, आणि ती हो म्हणेपर्यंत पुढं पाऊल टाकत नाहीत.