ताटातला पहिला रुपया

कोकणातल्या एका गावात रायाजी नावाचे एक म्हातारे बाहुलीवाले राहत. दिवा लावून ते पडद्यामागे चामड्याच्या बाहुल्या नाचवत आणि गात. गावातली पोरे त्यांच्या रावणाला घाबरतच मोठी झाली. पण अलीकडे खेळ अर्ध्यावर आला की त्यांचा आवाज फाटू लागला होता.

पुतण्या गुणाजीला काळजी पडली. आवाज आहे तोवर खेळाची फिल्म करावी, असे त्याच्या मनाने घेतले. कॅमेरावाले काही फुकट येत नाहीत, म्हणून त्याने इंटरनेटवर लोकांना मदतीची हाक घातली. फोटो छान लावला. 'कला मरते आहे, वाचवा' असेही लिहिले. महिना उलटला, तरी जमा रकमेपुढचे शून्य काही हलेना.

"जगाला कदरच नाय," असे म्हणत गुणाजी अंगणात बसला. मग त्याला युक्ती सुचली. त्याने मोबाइलवर नवे वाक्य लिहिले आणि आता पाठवणार, तोच रायाजी माडावरून उतरले आणि त्यांनी हातातला कोयता खाली ठेवला.

"काय लिवलंस? वाच बघू."

गुणाजीला काकांसमोर खोटे बोलता येत नसे. जगासमोर येत होते. त्याने खाली मान घालून वाचले, "काका अंथरुणाला खिळले आहेत."

"मगे आता माडार कोण चढलो?" रायाजींनी विचारले.

"बरा, तुझे किती पैसे पडले त्यात?"

"माझे कसे? मीच तर मागतंय."

"देवळात खेळ झाल्यार आपण ताट फिरवतो. त्यात पयलो रुपयो कोणाचो आसता?"

गुणाजीला लाज वाटली. लहानपणापासून ते ताट तोच फिरवत आला होता. काका आधी आपला रुपया त्यात ठेवत, आणि मगच ताट लोकांत जाई. रिकाम्या ताटात कोणी पैसा टाकत नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. मोबाइलवर ताट दिसले नाही, एवढेच.

त्याने ते वाक्य पुसले. मोटारसायकलसाठी साठवलेले पैसे भरले आणि लिहिले, 'सुरुवात मी केली आहे. काका ठणठणीत आहेत, पण आवाज थकतो आहे.' दुसऱ्या दिवशी गावच्या दुकानदाराने थोडे भरले, मग शाळेच्या बाईंनी. गावाची नावे दिसू लागली, तसे परकेही आले. हवे होते तेवढे जमलेच नाहीत. दोन कॅमेऱ्यांऐवजी एकच आला, पण फिल्म झाली.

पुढच्या वर्षी रायाजींचा आवाज बसला, तो कायमचा. आता जत्रेला देवळात फिल्म लावतात. आपलाच आवाज ऐकत म्हातारा पुढे बसतो. खेळ संपतो, गुणाजी ताट घेऊन उठतो, आणि रायाजींचा हात आपसूक खिशात जातो.

तात्पर्य: लोकांपुढे ताट धरण्याआधी त्यात आपला रुपया टाकावा, आणि मागताना खरे तेवढेच सांगावे.