झिजलेल्या बेरिंगची पाठ

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याने वडिलांची जुनी मोटार कोल्हापुरातल्या एका वृद्ध मिस्त्रीच्या गॅरेजात आणून उभी केली. इंजिनातून ठोका येत होता. वडिलांना सगळे आबा म्हणत. पक्षाघातानंतर आबांचे बोलणे जवळजवळ थांबले होते आणि ते दिवसभर खुर्चीत बसून राहत. ही गाडी सुरू करून त्यांना पूर्वीसारखे गुऱ्हाळांवरून फिरवून आणले की आबा पुन्हा पूर्वीचे आबा होतील, अशी व्यापाऱ्याची श्रद्धा होती, आणि तसे त्याने मिस्त्रीला सांगितलेही. श्रद्धेच्या पोटी घाई असते, तशी ती त्यालाही होती.

मिस्त्रीने ठोका ऐकला, क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याची, बेरिंगे गेली आहेत असे निदान केले आणि काम आपल्या शिष्यावर, आकारामवर, सोपवले. आकाराम मन लावून शिकणारा गडी. त्याने बेरिंगे उतरवली, इंजिनावरचा नंबर टिपून घेतला आणि त्या नंबरची नवी बेरिंगे मागवायला सांगितले. व्यापाऱ्याने ती थेट परदेशातून आणवली. खोके सीलबंद, नंबर तंतोतंत तोच.

आकाराम खोके फोडणार, एवढ्यात मिस्त्रीने विचारले, "जुनी बेरिंगं कुठं हायत?"

"भंगारात टाकली, मिस्त्री. पार झिजली होती."

"हुडकून आण. तोवर खोकं उघडू नकोस."

व्यापारी वैतागला. "अहो मिस्त्री, अस्सल माल हातात असताना भंगार कशाला उपसताय?" मिस्त्रीने त्याला बसायला स्टूल दिले.

आकारामने भंगाराचे पिंप पालथे केले. हात काळे करून घेत एकेक तुकडा चाळला आणि अखेर ती अर्धगोल, ओरखडलेली बेरिंगे आणून दिली. मिस्त्रीने ती रॉकेलमध्ये धुतली. झिजलेल्या बाजूकडे त्याने पाहिलेही नाही. बेरिंग उलटे करून पाठ अंगठ्याने पुसली, तेव्हा काजळीखालून जादा जाडीच्या मापाचा एक बारीक ठसा वर आला. तो त्याने आकारामला दाखवला आणि मग क्रँकचे माप घ्यायला लावले. माप घेताना आकारामचा चेहरा उतरला.

"क्रँक पूर्वीच घासलाय, मिस्त्री. बराच बारीक झालाय. ही नवी बेरिंगं ढिली बसली असती."

"आणि तेलाचा दाब राह्यला नसता. ठोके खाऊन क्रँकच गेला असता. आज तो गुळगुळीत हाय हे नशीब, कारण पुन्हा घासायला त्यात काय उरलं न्हाई. असला दुसरा मिळायचा बी न्हाई."

"पण नंबर तर बरोबर होता."

मिस्त्रीने जुने बेरिंग आकारामच्या हातात ठेवले. मग शांतपणे म्हणाला, "नंबर बरोबरच हाय, आकाराम. पण त्यो कारखान्यातनं निघालेल्या इंजिनाचा. त्यानंतर ही गाडी किती चालली, कुणी तिला घासलं, तिनं काय सोसलं, ते नंबराला कुठनं ठावं असणार? झिजलेला भाग टाकायचाच असतो. पण टाकायच्या आधी त्याला विचारावं. गाडी आज काय हाय, ते त्योच सांगतो."

आकारामने मान खाली घातली. मिस्त्री स्टुलावरच्या व्यापाऱ्याकडे वळला.

"शेठ, आबा जेवतात काय हल्ली?"

"कसलं जेवतात! तांबड्या रश्श्याशिवाय घास उतरायचा नाही त्यांचा. मुद्दाम करवून घेतो, तर ताट ढकलून देतात."

"मी पूर्वीचं न्हाई इचारलं, शेठ. हल्लीचं इचारलं."

व्यापाऱ्याला ते खरोखरच ठाऊक नव्हते. एका घरात राहून ठाऊक नव्हते. याची त्याला लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

पुढे मापाची बेरिंगे एका जुन्या गॅरेजात सापडली, आकारामने ती स्वतः बसवली आणि इंजिन ठोक्यावाचून चालू लागले. व्यापाऱ्याने गाडी दारात आणली, आबांना उचलून पुढच्या सीटवर बसवले. गुऱ्हाळाचा रस्ता त्याच्या मनात पक्का होता. गिअर टाकायला हात गेला आणि तिथेच थबकला.

"आबा, कुठं जायचं?" त्याने विचारले, आणि प्रथमच उत्तराची वाट पाहिली. फार वेळ लागला. आबांच्या ओठांची धडपड त्याला बघवत नव्हती. तरी त्याने त्यांचा शब्द आपण पुरा केला नाही.

"हितंच," आबा म्हणाले.

त्यांनी चांगला हात डॅशबोर्डवर ठेवला आणि डोळे मिटले. इंजिन संथ चालत होते. व्यापाऱ्याने गिअरवरचा हात काढून आबांच्या हातावर ठेवला. त्या दिवशी गाडी फाटकाबाहेर गेलीच नाही.