घरांआधी आखलेली जागा

ही गोष्ट कुणाला सांगू नकोस, असं मोनिकामावशीने मला बजावलं होतं. कारण त्या दिवशी फादर बेंतोंवर सगळ्यांत जास्त तीच चिडली होती.

फादरनी किनाऱ्यावरची बारा कुटुंबं दूरच्या ओसाड माळावर वसवायला आणली. घरं उभी राहायच्या आधीच त्यांनी दगड मांडून दफनभूमी आखली. "डोक्यावर छप्पर नाही आणि यांना थडग्यांची घाई," मावशी पुटपुटली.

तेवढ्यात मामलेदारांची जीप आली. लोक टिकणार नाहीत असं त्यांना वाटलं, तर जमीन सरकारकडे परत जाणार होती.

"पहिल्या उन्हाळ्यात पळाल तुम्ही," मामलेदार म्हणाले. मग दगडांकडे बघून हसले. "का इथे मरायलाच आलात?"

"होय साहेब," फादर शांतपणे म्हणाले, "पण म्हातारे होऊन. पळून जाणारा माणूस स्वतःच्या थडग्याची जागा कशाला आखेल?"

मामलेदारांनी टोपी काढली. आखलेल्या जागेत पाय न ठेवता ते कडेकडेने चालत आले आणि त्यांनी जमिनीच्या कागदावर सही केली. मावशी फादरकडे बघतच राहिली.

तिथे पहिलं थडगं झालं ते एकतीस वर्षांनी, फादरचंच. मावशी दर रविवारी त्यावर फुलं ठेवते, आणि शेजारची जागा तिने स्वतःसाठी... मावशी फुलं घेऊन दारात उभी आहे, मला हाक मारते आहे, म्हणून मी