सत्याप्पा दौलतचं बी आणतो

खडकेवाडी नावाचं एक गाव होतं, आणि त्या सबंध गावाला सत्याप्पा नावाचा एकच भोळा माणूस पुरून उरत होता. आळशी म्हणाल तर नाही. उलट सांगितलेलं काम तो अगदी शब्दाला शब्द ऐकायचा. तीच तर पंचाईत होती! एकदा बायको म्हणाली, "जरा दाराकडं बघा." हा दिवस मावळेपर्यंत दाराकडं बघत बसला. पाठीमागं शेजारच्या म्हशीनं अंगणातली सगळी ज्वारी खाल्ली. पण दार मात्र जागच्या जागी होतं, हे त्यानं बायकोला दाखवून दिलं.

बायकोचं नाव तायव्वा. तिच्या बापानं जन्मभर करवानी कुत्री पाळली होती. लांब तोंडाची, पोट पाठीला चिकटलेली, सशाला दमवणारी. बाप गेला आणि त्या वाणाची दोनच कुत्री उरली. एक तायव्वाची हरणी आणि दुसरा तालुक्याला तिच्या भावाकडं, मलकारीकडं असलेला दौलत.

दौलत फार म्हातारा झाला होता. मागचे पाय गेलेले. मुतायलासुद्धा त्याला भिंतीचा टेकू लागायचा, मग हरणीवर काय कपाळ चढणार! शिवाय हरणीला गाडीत घातली की ती सीट फाडून खायची. आता यंदाच्या माजात हरणीला दौलतची पिल्लं राहिली नाहीत, तर बापाचा वाण संपला. तायव्वाच्या जिवाला एवढाच घोर होता.

गावातल्या जनावरांच्या डॉक्टर लोखंडेबाई. त्यांनी उपाय काढला. तालुक्याला दौलतचं वीर्य नळीत काढायचं, गार करायचं, पेटीत घालून एसटीनं इथं आणायचं. इथं त्या ते हरणीच्या पोटात सोडतील.

"तीन वेळा काढता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यानंतर हरणीचा माज उतरेल, मग संपलं."

माजावरच्या हरणीभोवती गावातली सगळी कुत्री घिरट्या घालत होती. तायव्वा काठी घेऊन दारात बसली. मग आणायला जाणार कोण? सत्याप्पा!

सोमवारी मलकारीनं थर्माकोलची पेटी त्याच्या हातात दिली. "दाजी, गार ठेवा बरं का."

सत्याप्पा एसटीत बसला. पेटीला हात लावून बघितला. पेटी काही गार लागेना. अर्ध्या वाटेवर गाडी थांबली, तिथं कुल्फीवाला उभा होता. सत्याप्पानं नळी काढून त्याच्या मिठाच्या बर्फात खुपसली. "लई गार कर बाबा." कुल्फीवाल्यानं केली. आणि हाताच्या सवयीनं बूच काढून वरून काडीही खोवली.

डॉक्टरबाईंनी पेटी उघडली. "हे काय?"

"गार केलंय," सत्याप्पा म्हणाला. "काडीला धरा, हाताला लागंल."

बाईंनी ते वितळवून सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली बघितलं. "सगळे मेलेत."

"कोण?" सत्याप्पा घाबरला.

"यातले जंतू! अहो, हे जिवंत असतं. गोठलं की मरतं. याला बर्फ थेट लागू द्यायचा नाही. जिवंत जिवाला जपतात तसं जपायचं."

"असं व्हय! मग आधीच सांगायचं की."

बुधवारी मलकारीनं पुन्हा पेटी दिली. सत्याप्पानं एसटीत बसल्या बसल्या पेटीतल्या बर्फाच्या पिशव्या खिडकीतून फेकल्या. नळी काखेत धरली, वरून घोंगडं घेतलं. जिवाला श्वास लागतो म्हणून बूच काढून ठेवलं. कंडक्टर आला.

"एक फुल द्या," सत्याप्पा म्हणाला. "आन् बाकीची हाफ."

"बाकीची किती?"

"डॉक्टरीणबाई म्हनत्यात, तीस कोटी असत्याल."

"कुठं हायत?"

"काखंत."

कंडक्टर पुढच्या सीटकडं गेला. खडकेवाडी येईपर्यंत तो त्या बाजूला फिरकला नाही. वाटेत चहाला गाडी थांबली. आता जिवंत लेकरं जवळ असताना एकट्यानं चहा कसा प्यायचा? सत्याप्पाला ते बरं दिसेना. त्यानं बशीत ओतून फुंकला आणि दोन थेंब नळीत सोडले.

"याचा रंग असा कशानं झाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"चहा दिला. फुंकून दिला, भाजला नसंल."

बाईंनी कपाळाला हात लावला. मग बोट वर करून एकेक गोष्ट सांगितली. "ऊब द्यायची नाही. गार जागी, अंधारात, फडक्यात गुंडाळून ठेवायचं. झाकण उघडायचं नाही. हिसका द्यायचा नाही, हलवायचं नाही. फक्त दर वीस मिनिटांनी हळूच उलटं करायचं, खाली गाळ बसू नये म्हणून. शुक्रवारचं नीट आलं तर निम्मं त्याच दिवशी देऊ, निम्मं गार ठेवून दुसऱ्या दिवशी." आणि दमून खुर्चीत बसल्या. "खरं सांगू का, ताजं मिळालं असतं ना, कुत्र्याकडून थेट कुत्रीला, तर यातलं काहीच नको होतं. ताज्यासारखं काही नाही."

सत्याप्पानं सगळं मनात घोकून ठेवलं.

घरी तायव्वा जेवली नाही. भिंतीला टेकून रडली. "माझ्या बाचं येवढंच राहिलंय वो! आन् तुमी त्याला चहा पाजताय!" सत्याप्पाला फार वाईट वाटलं. त्याचं बायकोवर खरंच प्रेम होतं. आता डॉक्टरबाईंचा एक शब्दही चुकवायचा नाही, असं त्यानं ठरवलं.

शुक्रवारी तायव्वा स्वतःच तालुक्याला निघाली. जाताना नवऱ्याला हरणीसमोर बसवलं. "हिच्यावर नजर ठिवायची. नजर हलवायची न्हाई. बाकी काय म्हंजे काय करायचं न्हाई. कळलं?"

"कळलं."

ती गेली आणि थोड्या वेळानं कुंपणावरून टिप्या आत आला. हा टिप्या स्टँडवरच्या भजीवाल्याचा. कान एक, शेपटी अर्धी, खरूज मात्र पूर्ण. तो हरणीजवळ गेला. हरणीनं शेपटी बाजूला केली. सत्याप्पानं नजर हलवली नाही. बाकी काही करायचं नव्हतं, तर त्यानं केलं नाही. आणि बघता बघता त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ताजं! थेट!

दोन्ही कुत्री शेपटीला शेपटी लावून अडकली. आरडाओरडा ऐकून शेजारचा बिराप्पा पाण्याची बादली घेऊन धावला. "सत्या, लेका, बघत काय बसलाईस? वत की पानी!"

"गार लावायचं न्हाई!" सत्याप्पा आडवा झाला. "गोठतंय!"

बिराप्पाच्या पोरानं काठी उचलली.

"हिसका द्यायचा न्हाई! हलवायचं न्हाई! जिवंत जीव हाय!"

वीस मिनिटं तो दोघांभोवती हात पसरून उभा राहिला. कुणाचा दगड लागू दिला नाही. गाव हसून हसून लोळलं. सत्याप्पा घामानं भिजला, पण हलला नाही.

दुपारी तायव्वा आली. पेटी मांडीवरून खाली न ठेवता आणली होती. डॉक्टरबाईंनी एक थेंब दुर्बिणीखाली धरला आणि ओरडल्याच, "अहो, बघा, बघा! कसे पळतायत!" तायव्वानं डोळा लावला. बापाची कुत्री माळावर सुटायची तशी ती चिमुकली पळत होती. तिला रडू आवरेना. दोघी नळी घेऊन लगबगीनं घरी आल्या.

दारात सत्याप्पा छाती काढून उभा. "नळी ठिवा बाजूला. हरणीचं काम झालं."

"काय झालं?" तायव्वानं विचारलं.

"ताजं दिलं. थेट. डॉक्टरीणबाई म्हनल्या तसं. गार पानी लावू दिलं न्हाई. ऊब म्या दिली न्हाई, त्यांची त्यांनीच घेतली. वीस मिनटं कुनाला हलवू दिलं न्हाई. आन् नजर तर एकदाबी काढली न्हाई!"

"कुणाचं दिलंत?" डॉक्टरबाईंनी हळूच विचारलं.

"टिप्याचं."

तायव्वा मटकन खाली बसली. सत्याप्पाला वाटलं, आनंदानं बसली. म्हणून त्यानं उरलेलंही सांगून टाकलं.

"आन् निम्मं उद्याला लागनार न्हवं? म्हनून टिप्याला ठिवलाय न्हाणीत. गार हाय, अंधार हाय. वल्या पोत्यात गुंडाळलाय, वर पाटीचं झाकण घातलंय." त्यानं दोन्ही हात पुढं केले. कोपरापर्यंत दात उमटले होते. "दर वीस मिनटांनी हळूच उलटा करतूय. फकस्त उलटा करताना चावतोय. लई ताजं हाय!"