सगुणाबाईंची पिट्युटरी

“आणि मेंदूच्या तळाची ही ग्रंथी तू काढून टाकणार?” गुंजीकर सरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरत विचारलं.

“उद्या सकाळी, सर. नाकातून,” डॉ. प्रणव म्हणाला. “पिट्युटरी केवढी फुगलीय बघा. ट्यूमरच आहे.”

प्रणव हा सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. हे त्यालाही चांगलंच ठाऊक होतं. मी त्याच्या हाताखाली शिकत होतो, म्हणजे मुख्यतः मान डोलावत होतो.

निवृत्तीनंतर सर पहिल्यांदाच वॉर्डात आले. आम्हाला बघताच सगुणाबाई लगबगीनं उठून बसल्या आणि डोक्यावर पदर घेतला. डोकेदुखीनं त्यांना डोळे उघडवत नव्हते.

“बाई, आडव्या व्हा,” सर म्हणाले.

“अवो, तुमच्याम्होरं कशी झोपू, डाक्तरसायेब?”

शेजारची खाट रिकामी होती. तिच्यावर सर स्वतःच आडवे झाले, बुटांसकट!

सगळा वॉर्ड अवाक्. सिस्टरच्या हातातला ट्रे पडता पडता राहिला.

सगुणाबाई लाजल्या, हसल्या आणि आडव्या झाल्या...

पाच मिनिटं गेली. दहा...

“आता दुखतंय डोकं?”

“न्हाई. पडलं की ऱ्हातंय. उठलं की फुटतंय नुसतं.”

“कधीपासून?”

“मक्याचं पोतं उचलताना पाठीत कट्ट वाजलं बगा, तवापासनं.”



“पाठीतून पाणी गळत असणार,” सर पडल्या पडल्याच म्हणाले. “मेंदूभोवतीही तेच पाणी असतं. ते कमी झालं की उठल्यावर डोकं दुखतं आणि ती जागा भरायला रक्त येतं. त्या रक्तानं ग्रंथी फुगते. पाठीचा एमआरआय कर.”

संध्याकाळी पाठीचा एमआरआय आला. मणक्याच्या आवरणाबाहेर पाणी साचलेलं स्वच्छ दिसत होतं. उद्या आम्ही एक धडधाकट ग्रंथी कापणार होतो आणि त्या बाईला जन्मभर गोळ्यांवर जगायला लावणार होतो!

प्रणव मटकन खुर्चीत बसला.

“सहा दिवस, सर. रोज दोनदा राउंड घेतला. दरवेळी विचारलं, दुखतंय का? दरवेळी उठून बसल्या आणि ‘हो’ म्हणाल्या...”

त्यानं पाठीची फिल्म पुन्हा उजेडासमोर धरली.

“मला हे दिसलं कसं नाही?”

“तू तिथे होतास, म्हणून.”